किल्ला पाहायला कधी जायचे?

मित्रांनो, समजा, तुमच्या शाळेतील दोन वर्ग नळदुर्गचा किल्ला पाहायला गेले. एक वर्ग एप्रिल महिन्यात गेला आणि दुसरा वर्ग सप्टेंबरच्या अखेरीस गेला. परत आल्यावर गुरुजींनी दोन्ही वर्गांना सहलीवर निबंध लिहायला सांगितला.

पहिल्या वर्गातील एका मुलाने लिहिले, "किल्ला फार मोठा आहे, पण ऊन इतके कडक होते, की दगडावर हात ठेववत नव्हता. नदीच्या पात्रात नुसते खडक दिसत होते. धबधब्याची जागा आम्हांला दाखवली. पण धबधबा काही दिसला नाही. आम्ही एका कमानीच्या सावलीत बसलो, पाणी प्यालो आणि लवकर परतलो."

दुसऱ्या वर्गातील एका मुलीने लिहिले, "पाण्याचा आवाज आम्हांला दुरूनच ऐकू आला. जवळ जाऊन पाहतो तो काय, दोन मोठे धबधबे उंचावरून कोसळत होते! तुषारांनी आमचे कपडे ओले झाले. सगळीकडे हिरवे गवत होते. गर्दी मात्र एवढी होती, की उभे राहायला जागा मिळेना."

हे दोन निबंध एखाद्या परक्या माणसाने वाचले, तर त्याला वाटेल, की ही मुले दोन वेगवेगळे किल्ले पाहून आली आहेत. पण किल्ला तोच होता. दोघांनीही खरेच लिहिले होते. मग एवढा फरक कशामुळे पडला? हा फरक पडला आभाळामुळे. आपण सहलीचा बेत आखताना गाडी, डबा आणि पैसे यांचा विचार करतो. पण जागा कशी दिसेल, तेथे किती वेळ थांबता येईल आणि आपण सुखरूप परत येऊ की नाही, हे पुष्कळदा आभाळच ठरवते. ते कसे, हे या पाठात पाहू.

प्रथम नळदुर्गची ओळख करून घेऊ. धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात हे गाव आहे. सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग या गावावरून जातो. काळ्या दगडाचा हा भक्कम किल्ला बोरी नदीच्या काठी उभा आहे. त्याच्या शेजारी रणमंडळ नावाचा छोटा जोडकिल्ला आहे. या दोहोंच्या मध्ये बोरी नदी वाहते आणि नदीवर एक उंच दगडी बंधारा आहे. या बंधाऱ्याच्या भिंतीच्या पोटातच एक महाल बांधलेला आहे. त्याला पाणी महाल म्हणतात.

विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहिम आदिलशाह याच्या काळात, इ. स. १६१३ मध्ये, हा पाणी महाल बांधला गेला. 'किताबे नवरस' हे दख्खनी भाषेतील पुस्तक लिहिणारा संगीतप्रेमी सुलतान तो हाच. महाल बांधणारा स्थापत्यकार म्हणून मीर इमादीन याचे नाव सांगितले जाते. त्याने बंधाऱ्यावर दोन सांडवे ठेवले. सांडवा म्हणजे जास्तीचे पाणी बाहेर सांडण्यासाठी ठेवलेली वाट. नदीला भरपूर पाणी आले, की ते या दोन सांडव्यांवरून खाली कोसळते. या दोन धबधब्यांना लोक 'नर' आणि 'मादी' म्हणतात. डोक्यावरून नदी वाहत असते आणि खाली महालात उभा असलेला माणूस कोरडा राहतो! समोरच्या झरोक्यातून पाहिले, तर बाहेर पाण्याचा पडदा टांगलेला दिसतो.

हे दृश्य वर्षभर दिसत नाही. नळदुर्ग गावाजवळ, किल्ल्याच्या वरच्या अंगाला, बोरी नदीवर आपल्या काळात बांधलेले एक धरण आहे. ते पिण्यासाठी आणि शेतीसाठी पाणी साठवते. पावसाळ्यात आधी हे धरण भरते. ते काठोकाठ भरून वाहू लागले, म्हणजे पाणी पुढे किल्ल्यापर्यंत येते आणि मग नर-मादी धबधबे सुरू होतात. पाऊस चांगला झाला, तर धरण भरते. पाऊस कमी झाला, तर ते भरत नाही. एखाद्या वर्षी पाऊस कमी पडला, तर पर्यटक धबधब्याची वाट पाहत राहतात आणि धबधबा येतच नाही.

म्हणून धबधबा सुरू झाल्याची बातमी आली, की आसपासच्या गावांतील शेतकऱ्यालाही आनंद होतो. त्याच्या दृष्टीने धबधबा ही धरण भरल्याची खूण असते. ज्या पाण्याचे आपण फोटो काढतो, त्याच पाण्यावर त्याचे वर्षभराचे पीक अवलंबून असते. ही गोष्ट सहलीला जाणाऱ्याने विसरू नये.

आता दोन शब्द नीट समजून घेऊ. 'हवा' आणि 'हवामान' हे ते दोन शब्द होत. आज ऊन आहे, काल पाऊस होता, सकाळी धुके होते, हे आपण हवेविषयी बोलतो. हवा रोज बदलते, कधी कधी तासातासाला बदलते. परंतु एखाद्या प्रदेशात तीस-चाळीस वर्षांत साधारणपणे किती पाऊस पडतो, किती उष्णता असते, थंडी केव्हा सुरू होते, या सर्वांची सरासरी काढली, की त्या प्रदेशाचे हवामान समजते. उर्दूत आपण रोजच्या हवेला 'मौसम' म्हणतो आणि हवामानाला 'आबोहवा' म्हणतो. फरक तोच आहे.

'हवा' हा शब्द अरबीतून आला आहे आणि 'मान' म्हणजे माप. दोन्ही मिळून मराठीत 'हवामान' हा शब्द तयार झाला. 'मान्सून' या शब्दाचे मूळही अरबी 'मौसिम' या शब्दातच आहे. अरबी समुद्रातून जहाजे नेणारे खलाशी वाऱ्याचा हंगाम पाहूनच प्रवासाला निघत. म्हणजे केव्हा निघावे आणि केव्हा थांबावे, हे आभाळाला विचारण्याची रीत फार जुनी आहे.

धाराशिव जिल्ह्याचे हवामान कसे आहे? हा जिल्हा मराठवाड्यात, बालाघाटच्या डोंगररांगेत आहे. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात आणि बराचसा पाऊस तिकडेच पाडतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुढे येईपर्यंत ढगांतील पाणी कमी झालेले असते. त्यामुळे आपल्या जिल्ह्यात वर्षाला साधारण सहाशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. अशा भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. जसे झाडाच्या छायेत ऊन कमी पोहोचते, तसे सह्याद्रीच्या छायेत पाऊस कमी पोहोचतो. येथे जून महिन्यात पेरणीचा पाऊस येतो आणि सप्टेंबरात पुन्हा जोराचा पाऊस होतो. मधल्या काळात पुष्कळदा खंड पडतो. एप्रिल-मे महिन्यांत तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मात्र कोरडा आणि सुखद असतो.

यावरून जिल्ह्यातील कोणते ठिकाण केव्हा पाहावे, हे तुम्हीच ठरवू शकता. येडशीजवळचे रामलिंगचे जंगल उन्हाळ्यात पानगळ होऊन उघडेबोडके दिसते. तेच पावसाळ्यात हिरवेगार होते आणि तेथील ओढ्याला धबधबा येतो. परंड्याचा किल्ला आणि धाराशिव शहराजवळची प्राचीन लेणी पाहण्यास थंडीचे दिवस उत्तम. तेव्हा पायवाटा कोरड्या असतात आणि ऊनही सोसवते. तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तेरचा व्यापार रोमपर्यंत चालत असे. त्या काळच्या वस्तू तेथे छपराखाली पाहता येतात. म्हणून उन्हाच्या दिवसांत दुपारी भटकण्यापेक्षा असे ठिकाण बरे.

काळा दगड दुपारी इतका का तापतो, हेही सांगतो. गडद रंगाची वस्तू उन्हातील उष्णता जास्त शोषून घेते. किल्ल्याचा दगड दिवसभर उष्णता साठवतो आणि संध्याकाळी ती हळूहळू बाहेर सोडतो. त्यामुळे सूर्य मावळल्यावरही तटाजवळ गरम झळा लागतात. उन्हाळ्यात किल्ला पाहायचाच असेल, तर सकाळी लवकर पाहावा. त्या वेळी दगड रात्रभर निवलेला असतो.

सहलीचा दिवस आपण आपल्या सोयीने पुढे-मागे करू शकतो. पण यात्रा आणि उरूस यांचा दिवस ठरलेला असतो. तुळजापूरला तुळजाभवानीचे मंदिर आहे. आश्विन महिन्यात तेथे नवरात्राचा मोठा उत्सव होतो. त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेला सोलापूरहून आणि कर्नाटकातून लाखो भाविक पायी चालत तुळजापूरला येतात. सोलापूरपासूनचे अंतर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर आहे. आश्विन महिना सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येतो. पाऊस ओसरत आला आहे, शेतात पीक उभे आहे आणि ऊन फार कडक नाही, असा हा काळ. पूर्वीच्या लोकांना तो चालण्यास योग्य वाटला, यात नवल नाही.

धाराशिव शहरात हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांचा दर्गा आहे. त्यांच्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक येतात. उरुसाची तारीख हिजरी महिन्याप्रमाणे असते. आता येथे एक गंमत पाहा. चंद्राचे बारा महिने म्हणजे सुमारे ३५४ दिवस. सूर्याचे वर्ष सुमारे ३६५ दिवसांचे. म्हणजे अकरा दिवसांचा फरक राहतो. मराठी पंचांगात हा फरक भरून काढण्यासाठी साधारण तीन वर्षांतून एकदा अधिक महिना धरतात. त्यामुळे नवरात्र नेहमी त्याच ऋतूत राहते. हिजरी सनात अधिक महिना नसतो. त्यामुळे रमजान, ईद, हज आणि उरूस दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि जवळजवळ तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतात. तुमच्या आजोबांनी लहानपणी थंडीत पाहिलेला उरूस त्यांनी पुढे भर उन्हाळ्यातही पाहिलेला असतो.

याचा अर्थ असा, की ज्या वर्षी असा सोहळा उन्हाळ्यात येतो, त्या वर्षी तयारी वेगळी करावी लागते. २०२४ साली हज जूनच्या मध्यावर आला होता. मक्केत तापमान पन्नास अंशांच्या वर गेले. त्या वर्षी तेराशेहून अधिक यात्रेकरू मृत्युमुखी पडल्याचे सौदी अरेबियाच्या सरकारने जाहीर केले. त्यांतील बहुतेकांना ना थंड तंबू मिळाला होता, ना सावली. आपल्या महाराष्ट्रातही एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे भर दुपारी उघड्या मैदानात झालेल्या एका समारंभानंतर उष्माघाताने चौदा जण दगावले. श्रद्धेने किंवा उत्साहाने आलेला माणूसही उन्हापुढे माणूसच असतो. त्याला पाणी, सावली आणि विश्रांती लागतेच.

येथपर्यंत आपण नेहमीच्या ऋतूंविषयी बोललो. पण गेल्या काही वर्षांत तुम्ही घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून एक वाक्य ऐकले असेल : "पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही." हे वाक्य खरे आहे का? त्याचे उत्तर थोडे विचार करून दिले पाहिजे. एका वर्षी पूर आला किंवा एका वर्षी पाऊस पडला नाही, एवढ्यावरून हवामान बदलले असे म्हणता येत नाही. ती त्या वर्षीची हवा झाली. अनेक वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. शास्त्रज्ञांनी तेच केले आहे.

या नोंदी काय सांगतात? दोनशे-अडीचशे वर्षांपासून माणूस कोळसा आणि पुढे खनिज तेल मोठ्या प्रमाणावर जाळत आला आहे. त्यामुळे हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू वाढला. पूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. आता तो ४२० भागांच्या वर गेला आहे. हा वायू पृथ्वीभोवती गोधडीसारखे काम करतो. गोधडी जाड झाली, की अंगाची ऊब बाहेर जात नाही; तशी पृथ्वीची उष्णता अडून राहते. २०२४ हे नोंदी ठेवायला लागल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्या वर्षी जगाचे सरासरी तापमान कारखान्यांच्या युगापूर्वीच्या तापमानापेक्षा सुमारे दीड अंशाने जास्त होते.

दीड अंश म्हणजे काय मोठेसे, असे तुम्हांला वाटेल. पण उबदार हवा जास्त बाष्प धरून ठेवते. हवा एक अंशाने तापली, की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. मोठी बादली भरायला वेळ लागतो. पण ती उपडी झाली, की पाणीही जास्त सांडते. पावसाचेही तसेच झाले आहे. पाऊस नसलेले दिवस वाढतात आणि पडतो तेव्हा तो एकदम कोसळतो. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे शास्त्रज्ञांना आढळले आहे.

आपल्या भागाने ही दोन्ही टोके पाहिली आहेत. २०१४ आणि २०१५ या लागोपाठच्या दोन वर्षांत मराठवाड्यात पाऊस फार कमी पडला. शेजारच्या लातूर शहरात प्यायला पाणी उरले नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पाणी आणावे लागले. अशा वर्षी पर्यटनाचे काय होते, याचा विचार करा. नदी आटलेली असते, तेव्हा धबधब्याचा प्रश्नच नसतो. यात्रेच्या गावी येणाऱ्या माणसाला प्यायला आणि हातपाय धुवायला पाणी द्यायचे, तर ते टँकरने आणावे लागते. गावकऱ्यांनाच पाणी पुरत नसताना पाहुण्याला पाणी कोठून देणार?

आता दुसरे टोक पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. परंडा आणि भूम तालुक्यांत पुराचे पाणी गावांत शिरले. अडकलेल्या लोकांना बाहेर काढण्यासाठी हेलिकॉप्टर बोलवावे लागले. सोयाबीनची उभी पिके पाण्याखाली गेली. कित्येक ठिकाणी पिकाबरोबर शेतातील मातीही वाहून गेली. त्याच महिन्याच्या २२ तारखेला नवरात्र सुरू झाले होते. पाऊस ओसरत असताना येणारा हा उत्सव त्या वर्षी ऐन पुराच्या दिवसांत आला. पंचांगातील तिथी चुकली नव्हती. ढगांची वागणूक बदलली होती.

म्हणजे पाऊस फार कमी झाला तरी नुकसान आणि फार जास्त झाला तरी नुकसान. हे नुकसान फक्त सहल हुकण्याचे नसते. किल्ल्याच्या दाराशी कणसे भाजून विकणारी बाई, चहाचा गाडा लावणारा तरुण, रिक्षावाला, मंदिराबाहेरचा फुलवाला, दर्ग्याबाहेर चादरी आणि अत्तर विकणारा दुकानदार, या सर्वांचे घर येणाऱ्या-जाणाऱ्यांवर चालते. धबधबा वाहतो त्या थोड्या आठवड्यांत यांतील काही जण बऱ्याच महिन्यांची कमाई करतात. ते आठवडे कोरडे गेले किंवा पुरात गेले, तर त्यांच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांपर्यंत त्याचा परिणाम पोहोचतो. शेतकऱ्याची पावसावरची भिस्त आपल्याला माहीत असते; या माणसांचीही तीच स्थिती असते, हे आपल्या लक्षात येत नाही.

इमारतींनाही हवेचा त्रास होतो. दिवसा दगड तापून किंचित प्रसरण पावतो आणि रात्री निवून आकसतो. वर्षानुवर्षे असे होऊन भिंतीला बारीक भेगा पडतात. भेगेत पावसाचे पाणी मुरते. पाण्याबरोबर पिंपळाचे किंवा वडाचे बी जाऊन रुजते. त्याची मुळे वाढली, की ती पहारीसारखे काम करतात आणि दगड सरकवतात. मग एका रात्रीत खूप पाऊस झाला, तर आधीच सैल झालेला तट ढासळतो. म्हणून पावसाळ्यात जुन्या तटावर चढणे आणि बुरुजाच्या कडेला उभे राहणे धोक्याचे असते. शंभराहून अधिक बुरूज असलेल्या नळदुर्गसारख्या किल्ल्याची निगा राखणे हे मोठे काम आहे. पावसाळ्यापूर्वी भेगा बुजवणे, झुडपे मुळांसकट काढणे आणि पाणी वाहून जाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणे, ही कामे दर वर्षी करावी लागतात.

धबधब्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते पाण्यात उतरले, तेव्हा पाणी थोडे होते. पाहता पाहता लोंढा वाढला आणि त्यांना काठावर येता आले नाही. असे का होते? आपण उभे असतो तेथे पाऊस नसला, तरी वरच्या बाजूला डोंगरात तो पडत असतो. ते पाणी थोड्या वेळाने एकदम खाली येते. पाणी गढूळ होऊ लागले, त्यात काडीकचरा वाहून येऊ लागला, आवाज वाढला, तर एक क्षणही न थांबता बाहेर यावे. नळदुर्गलाही नदीला पूर असताना पाणी महालाकडे उतरू नये. तेथील रखवालदार अडवत असेल, तर तो आपल्या भल्यासाठीच अडवत असतो.

मग आपण काय करावे? घरी बसून राहावे का? मुळीच नाही. प्रवास करावा, पण आभाळाला विचारून करावा. आज ते सोपे झाले आहे. भारतीय हवामान विभाग १८७५ सालापासून आपल्या देशातील हवेच्या नोंदी ठेवत आला आहे. तो प्रत्येक जिल्ह्यासाठी पुढच्या काही दिवसांचा अंदाज चार रंगांत देतो. हिरवा रंग म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे हवेवर लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सावध आणि तयार राहा. लाल म्हणजे धोका मोठा आहे, तातडीने काळजी घ्या. नारिंगी किंवा लाल रंग असेल, तर सहल पुढे ढकलावी. यात भित्रेपणा नाही, शहाणपणा आहे. मराठवाड्यात विजा पडून दर वर्षी माणसे आणि जनावरे दगावतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाचे अ‍ॅप तयार केले आहे. आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता असेल, तर ते सूचना देते. गडगडाट ऐकू आला, की बुरुजावरून खाली उतरावे आणि एकट्या झाडाखाली उभे राहू नये.

उन्हाच्या दिवसांत सकाळी लवकर निघावे, डोक्याला रुमाल किंवा टोपी असावी, पाणी जवळ ठेवावे आणि दुपारी सावलीत थांबावे. दुष्काळाच्या वर्षी ज्या गावी जाल, तेथे पाणी जपून वापरावे. ते पाणी त्या गावाने कष्टाने मिळवलेले असते. धबधब्यावर रिकाम्या बाटल्या आणि पिशव्या टाकू नयेत; त्या सांडव्यात आणि नाल्यात अडकतात आणि पाण्याची वाट बंद करतात. आणखी एक करावे. धबधबा नसेल त्या दिवसांतही किल्ला पाहायला जावे. डिसेंबरातील कोवळ्या उन्हात नळदुर्गचे बुरूज, दरवाजे आणि पाणी महालाचे बांधकाम जितके निवांत पाहता येते, तितके पावसाळ्यातील गर्दीत पाहता येत नाही. लोक वर्षभर थोडे थोडे येत राहिले, तर चहाच्या गाड्यालाही केवळ धबधब्याच्या भरवशावर बसावे लागणार नाही.

चारशे वर्षांपूर्वी पाणी महाल बांधणाऱ्या कारागिरांजवळ ना उपग्रह होते, ना अ‍ॅप. परंतु नदी उन्हाळ्यात किती आटते आणि पावसाळ्यात किती फुगते, हे त्यांनी नीट पाहिले असले पाहिजे. नदीला अडवताना तिच्या जास्तीच्या पाण्याला वाट ठेवायची, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून इतके पूर येऊन गेले, तरी तो बंधारा उभा आहे. आता हवामान बदलत आहे, तेव्हा आपल्यालाही तसेच डोळे उघडे ठेवून पाहायला शिकले पाहिजे.

त्याची सुरुवात तुम्ही आजपासून करू शकता. एक वही घ्या. रोज सकाळी तारीख लिहा आणि त्याखाली एका ओळीत आभाळ कसे आहे, ते लिहा. पहिला पाऊस कधी आला, ओढ्याला पाणी कधी आले, नळदुर्गचा धबधबा कोणत्या तारखेला सुरू झाला आणि कोणत्या तारखेला थांबला, याची नोंद करा. घरातील आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणीच्या पावसाविषयी विचारा आणि तेही लिहून ठेवा. एका वर्षाच्या वहीत तुम्हांला हवा दिसेल. अशा वह्या वर्षानुवर्षे जपल्या, तर त्यांत तुम्हांला हवामान दिसेल. मग कोणी विचारले, "किल्ला पाहायला कधी जायचे?" तर त्याचे उत्तर तुम्ही आपल्या वहीतून द्याल.